नवजात अतिदक्षता कक्षात परिचारिका होण्याआधी

जन्मापासून अठ्ठावीस दिवसांपर्यंतच्या बाळाला नवजात म्हणतात. या दिवसांत आजारी पडलेल्या, अपुऱ्या दिवसांच्या किंवा जन्मताच न रडलेल्या बाळांची देखभाल ज्या कक्षात होते, तिथल्या परिचारिकेचे काम परिचर्येतल्या इतर कामांहून बरेच वेगळे आहे. सामान्य वॉर्डातला रुग्ण बोलतो, कुठे दुखते ते सांगतो, हाक मारतो. इथला रुग्ण पुष्कळदा रडतही नाही. श्वास, रंग, हालचाल आणि अंगाची ऊब यांवरूनच त्याची स्थिती ओळखावी लागते, आणि ती ओळखणारे माणूस पूर्ण पाळीभर त्याच्याजवळ असावे लागते. डॉक्टर फेरीला येतात, निर्णय घेतात, पुढच्या बाळाकडे जातात. जवळ राहते ती परिचारिका. म्हणून लहान मुले आवडतात एवढ्या कारणावर हे क्षेत्र निवडू नये. मुले आवडणे चांगलेच आहे, पण कक्षातली बाळे मांडीवर घेऊन खेळवायची नसतात. अगदी लहान बाळाला तर जितका कमी हात लागेल तितके बरे. निर्णय घेताना दोन गोष्टी तपासायच्या असतात. बारीक निरीक्षण, अचूक मोजमाप, रात्रीची सावधता आणि घाबरलेल्या घरच्यांशी नीट बोलणे हे आपल्याला जमेल का, ही पहिली. जिथे नोकरी मिळते आहे तिथे हे काम नीट करता येईल का, ही दुसरी. खान्देशातल्या मुली आणि त्यांचे पालक पहिल्या गोष्टीचा थोडाफार विचार करतात, दुसरीचा फारसा नाही, आणि पस्तावण्याची वेळ बहुधा दुसरीमुळे येते.

सरकारी व्यवस्थेत या कामाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. जिथे जिथे प्रसूती होते तिथे बाळाला कोरडे करून ऊब देण्यासाठी आणि गरज पडल्यास अंबू बॅगने श्वास देण्यासाठी नवजात कोपरा असतो. ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर साधारण चार खाटांचा स्थिरीकरण कक्ष असतो. जिल्हा पातळीवर किमान बारा खाटांचा विशेष नवजात शिशू काळजी कक्ष असतो. त्याला सगळेच एसएनसीयू म्हणतात. देशातला असा पहिला कक्ष २००३मध्ये पश्चिम बंगालमधल्या पुरुलियाला सुरू झाला आणि पुढे ती पद्धत देशभर गेली. १८०० ग्रॅमहून कमी वजनाचे किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेले बाळ इथे दाखल करतात. शिवाय जन्मताना गुदमरलेली, जंतुसंसर्ग झालेली, झटके येणारी, तीव्र कावीळ झालेली बाळे येतात. दीर्घकाळ व्हेंटिलेटरवर ठेवावी लागणारी किंवा शस्त्रक्रियेची गरज असलेली बाळे वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा मोठ्या खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात, म्हणजे एनआयसीयूत जातात.

धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९पासून आहे. जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८मध्ये सुरू झाले आणि जिल्हा रुग्णालय त्याला जोडले गेले. धुळ्याजवळ मोराण्याचे एसीपीएम आणि जळगावजवळचे डॉ. उल्हास पाटील ही खासगी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. याखेरीज दोन्ही शहरांत बालरोगतज्ज्ञांची छोटी-मोठी रुग्णालये पुष्कळ असून त्यांतल्या अनेकांनी काही खाटांचा एनआयसीयू थाटलेला आहे. शिरपूर आणि चोपडा इथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. सातपुड्यातल्या पाड्यांवरून निघालेली माता आधी तिथे पोहोचते आणि बाळाची प्रकृती गंभीर असली तर धुळे-जळगावचा रस्ता धरते. म्हणजे एकाच पदाच्या नावाखाली तीन प्रकारची कामे येतात. उपजिल्हा पातळीवर बाळाला सावरून पुढे सुखरूप पाठवणे हे मुख्य काम असते, तर वैद्यकीय महाविद्यालयात व्हेंटिलेटर, नाळेतली नळी, सततचे मॉनिटर. छोट्या खासगी रुग्णालयात बहुधा सगळेच थोडे थोडे, आणि रात्री त्या मजल्यावर एकटीने.

या कामाने किती फरक पडतो हे आकड्यांतून कळते. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२०च्या अहवालानुसार देशात दर हजार जिवंत जन्मांमागे २० नवजात दगावत होते, महाराष्ट्रात ११. अपुरे दिवस, जन्मताना गुदमरणे आणि जंतुसंसर्ग ही यामागची तीन मोठी कारणे आहेत, आणि तिन्हींत महागड्या यंत्राइतकाच, किंबहुना अधिक, फरक पडतो तो ऊब, स्वच्छ हात, आईचे दूध आणि वेळेवर लक्षात येणे यांनी. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत फारशा न शिकलेल्या आरोग्यदूतांना प्रशिक्षण देऊन नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आणून दाखवले. १९९९मध्ये 'लॅन्सेट'ने ते संशोधन प्रसिद्ध केले. गावातली आरोग्यदूत हे करू शकली, तर कक्षातली तीन-चार वर्षे शिकलेली परिचारिका किती करू शकेल याचा अंदाज यावरून यावा.

पाळीची सुरुवात बाळ ताब्यात घेण्यापासून होते. आधीच्या पाळीची परिचारिका प्रत्येक बाळाजवळ उभी राहून सांगते: कितव्या दिवसाचे, वजन काल किती आज किती, दूध किती पचले, लघवी झाली का, सलाईन कोणत्या हाताला आणि ती जागा सुजली आहे का, श्वास किती वेळा थांबला. ऐकून पुरत नाही. सलाईनची जागा स्वतः पाहायची, पंपाचा वेग स्वतः मोजायचा, ऑक्सिजनची नळी आणि सक्शन चालू आहे का ते तपासायचे. मग दर तासाला किंवा दोन तासांना नोंदी. काखेतले तापमान ३६.५ ते ३७.५ अंशांत राहिले पाहिजे. खान्देशात ही साधी गोष्टसुद्धा सोपी नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५च्या पुढे जातो आणि डिसेंबर-जानेवारीत धुळ्याची पहाट राज्यातल्या सर्वांत थंड पहाटांत गणली जाते. उन्हाळ्यात कूलर-एसी बंद पडला की बाळाला ताप चढतो, आणि तो संसर्गाचा की उष्णतेचा हे ठरवावे लागते. हिवाळ्यात रुग्णवाहिकेतून आलेले बाळ हातपाय गार पडलेल्या अवस्थेत दारात येते.

मोजमापाची कल्पना एका उदाहरणाने येईल. १२०० ग्रॅमच्या बाळाला पहिल्या दिवशी दर किलोमागे ८० मिलिलीटर द्रव द्यायचा असे ठरले, तर दिवसाचे होतात ९६ मिलिलीटर, म्हणजे तासाला ४. औषधे पातळ करायला आणि नळी धुवायला लागलेले पाणीसुद्धा याच हिशोबात धरायचे. नळीने दूध सुरू होते ते दोन-दोन तासांनी दोन-दोन मिलिलीटरने. एक किलोच्या बाळाच्या अंगात सगळे मिळून रक्त असते ८०-९० मिलिलीटर, टपरीवरच्या कटिंग चहाएवढे. तपासणीसाठी उगाच जास्त काढलेला एक मिलिलीटरही त्याला जड जातो. औषधाचा डोस शतांश मिलिलीटरपर्यंत मोजावा लागतो, आणि दशांश चिन्ह एक घर सरकले तर डोस दहापट होतो. गणिताची भीती असलेल्या मुलीने म्हणून मागे फिरावे असे नाही. हे गणित त्रैराशिकाच्या पलीकडचे नसते आणि सवयीने पक्के होते. मात्र ज्या व्यक्तीला एकदा लिहिलेला आकडा पुन्हा तपासायचा कंटाळा येतो, दुसरीने तपासला तर राग येतो, तिने इथे येऊ नये. चांगल्या कक्षात धोक्याची औषधे दोघींनी मिळून तपासूनच दिली जातात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

निरीक्षणाची कसोटी सर्वांत मोठी. अपुऱ्या दिवसांचे बाळ मध्येच श्वास घ्यायचे विसरते. वीस सेकंद उलटले की रंग निळसर पडू लागतो, हृदयाचे ठोके मंदावतात, अलार्म वाजतो. अनुभवी परिचारिका अलार्म बंद करायला धावत नाही. ती आधी बाळाकडे बघते, तळव्याला हलकी टिचकी मारते, मान सरळ करते. बहुतेक वेळा तेवढ्यावर श्वास परततो. पण रात्री दोन वाजता, त्या पाळीतला कितवा तरी अलार्म वाजत असताना, हाही तितक्याच लक्षपूर्वक पाहणे हे खरे काम. ऑक्सिजनचेही तसेच. कमी पडला तर मेंदूला इजा, जास्त झाला तर डोळ्यांच्या पडद्याला. म्हणून ऑक्सिजनवरच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाची पातळी ९० ते ९५च्या दरम्यान ठेवतात. मॉनिटरवर ९९ दिसले की नातेवाईक खूश होतात, परिचारिकेने मात्र ऑक्सिजन कमी करायला हवा. ३४ आठवड्यांच्या आतली किंवा दोन किलोहून कमी वजनाची बाळे साधारण चौथ्या आठवड्यात डोळ्यांच्या तपासणीला गेलीच पाहिजेत, ही आठवण घरच्यांना पुन्हा पुन्हा द्यावी लागते, आणि ती बहुधा परिचारिकाच देते. जे लक्षण यंत्राला दिसत नाही तेही तिलाच आधी दिसते: काल दूध ओढणारे बाळ आज सुस्त आहे, पोट किंचित फुगले आहे, त्वचेचा रंग बदलला आहे. संसर्गाची सुरुवात अशीच होते. 'सर, हे बाळ मला बरोबर वाटत नाही' असे डॉक्टरांना वेळेवर, न संकोचता म्हणता आले पाहिजे. घरात आणि शाळेत गप्प बसण्याचे वळण लागलेल्या मुलींना हे धाडस मुद्दाम शिकावे लागते.

शरीरावर येणारा ताण पालकांनाही माहीत असावा. कक्षात शिरताना बांगड्या, अंगठ्या, घड्याळ काढून कोपरापर्यंत दोन मिनिटे हात धुवायचे आणि मग प्रत्येक बाळाला हात लावण्याआधी व नंतर पुन्हा. पाळीत हात किती वेळा धुतले जातात याला मोजदाद नाही. हिवाळ्यात कातडी फाटते, ज्यांना एक्झिमा आहे त्यांना ते सोसत नाही. पाळी उभ्याउभ्या जाते, पाठ आणि पायांच्या शिरा दुखतात. सकाळ, दुपार, रात्र अशा पाळ्या फिरत राहतात. काही खासगी रुग्णालयांत बारा तासांच्या दोनच पाळ्या असतात. सण, लग्नसराई, आखाजी यांना सुट्टी मिळेलच असे नाही. लग्न ठरवताना मुलीची रात्रपाळी सासरी स्पष्ट सांगितलेली बरी. ती लपवून जुळवलेल्या संसारात भरडली जाते ती मुलगीच. हे काम मुलगेही करतात, त्यांना 'ब्रदर' म्हणतात, आणि आईच्या स्तनपानाच्या वेळी सहकारी परिचारिकेची मदत घेण्यापलीकडे त्यांना अडचण येत नाही.

कामाचा निम्मा भाग बाळाच्या आईशी असतो, आणि अभ्यासक्रमात याला जितकी जागा मिळते त्याहून बरीच जास्त मिळायला हवी. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. कक्षाच्या दाराशी आई-आजी असतात, खर्चाचा आणि रेफरचा निर्णय मात्र सासरकडचे घेतात. परिचारिकेला दोन्हीकडे तेच शांतपणे सांगावे लागते. 'मना नातू कसा शे?' असे विचारणाऱ्या आजीला अहिराणीत उत्तर मिळाले तर ती पुढचे सगळे ऐकते. यावल-रावेरकडची तडवी आई, शिरपूर-चोपड्याच्या डोंगरातली पावरा आई मराठी समजते असे मान हलवून दाखवते, पण पुष्कळदा तिला काहीच समजलेले नसते. पावरी किंवा भिलीतली दहा-वीस वाक्ये शिकून घेणारी परिचारिका त्या कक्षात फार मोलाची. यातली अनेक कुटुंबे मजुरीसाठी गुजरातेत किंवा ऊसतोडीला जातात. घरी सोडताना पुढची तपासणी कधी आहे एवढेच विचारून चालत नाही, त्या तारखेला ते कुठे असतील हेही विचारावे लागते. मध चाटवणे, गुटी उगाळणे, कानात तेल घालणे हे सगळे घरोघरी चालते. त्यावर ओरडले की घरचे ते लपूनछपून करतात. का करू नये हे आजीला पटवून दिले तर तीच पहारा देते.

आईच्या दुधासाठी परिचारिका जेवढे करू शकते तेवढे दुसरे कुणी करू शकत नाही. ज्या आईचे बाळ तिच्यापासून वेगळे, वॉर्मरखाली आहे, तिला दूध येत नाही म्हणून ती रडते. तिला पहिल्याच दिवसापासून दर दोन-तीन तासांनी हाताने दूध काढायला शिकवणे, ते वाटीत दोन थेंब आले तरी बाळाला देणे, बाळ चोखू लागेपर्यंत नळीने आणि मग वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजणे, हे काम चिकाटीचे आहे. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली ती याच गरजेतून. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवण्याची कांगारू पद्धत १९७८मध्ये कोलंबियातल्या बोगोटाला सुरू झाली. वॉर्मर कमी पडत होते म्हणून. पुढे भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मापासूनच ही पद्धत सुरू केली तर कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटतात असे दिसले, आणि जागतिक आरोग्य संघटनेने तशी शिफारस केली. वडील, आजी, आत्या कुणीही बाळाला असे धरू शकते. खान्देशातल्या बापाला शर्ट काढून वॉर्डात बसायला राजी करणे हे तिथल्या परिचारिकेचे कौशल्य आहे, आणि एकदा बसलेला बाप सहसा उठत नाही.

काही बाळे वाचत नाहीत. हे आधी मान्य केल्याशिवाय या क्षेत्रात येऊ नये. ७०० ग्रॅमचे बाळ दहा दिवस झुंजते, वजन वाढू लागते आणि एका रात्रीत संसर्गाने जाते. बाळाच्या अंगावरच्या नळ्या काढणे, त्याला पुसून कपड्यात गुंडाळणे आणि आईच्या हातात देणे हे परिचारिकेच्या वाट्याला येते, आणि त्याच वेळी शेजारच्या वॉर्मरवरच्या बाळाच्या दुधाची वेळ झालेली असते. रडू येणे हा दोष नाही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जागी उभे राहता आले पाहिजे, आणि ज्यांना घरातल्या एखाद्या ताज्या मृत्यूमुळे किंवा स्वतःच्या गर्भपातामुळे हे सध्या झेपणार नाही त्यांनी काही काळ दुसरा विभाग निवडणे शहाणपणाचे. मृत्यूनंतर परिचारिकांशी बसून बोलणारी परिसेविका किंवा डॉक्टर ज्या कक्षात आहेत तिथे माणसे टिकतात. जिथे पहिला प्रश्न 'ड्यूटीवर कोण होते?' असा असतो तिथे टिकत नाहीत.

जबाबदारीची दुसरी बाजू कठोर आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागली. दहा बाळे गेली, सात वाचवता आली. पुढे पोलिसांनी दोन परिचारिकांवरही गुन्हा नोंदवला. १५ नोव्हेंबर २०२४च्या रात्री झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयात तशीच आग लागून दहा बाळे दगावली. नवजात कक्षात ऑक्सिजन भरपूर, विजेची उपकरणे चोवीस तास चालू, आणि रुग्ण स्वतः उठून पळू न शकणारे. २०२३च्या ऑक्टोबरच्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावल्याचे समोर आले, त्यांत १२ नवजात होते. दूरदूरहून अखेरच्या अवस्थेत आलेली बाळे आणि क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त भरलेला कक्ष याची चर्चा तेव्हा राज्यभर झाली. म्हणून नोकरी स्वीकारण्याआधी प्रत्येक इच्छुकाने कक्ष डोळ्यांनी पाहावा. अग्निशामक सिलिंडर कुठे आहे आणि तो चालवायला शिकवतात का, दुसरे दार आहे का आणि ते कुलूपबंद तर नसते ना, वायरी आणि एक्स्टेन्शन बोर्ड कसे आहेत, वीज गेली तर जनरेटर किती वेळात सुरू होतो. असे प्रश्न विचारणाऱ्या उमेदवाराला उद्धट समजणारे रुग्णालय टाळलेले बरे.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न रात्री किती बाळांमागे किती परिचारिका असतात हा. व्हेंटिलेटरवरच्या बाळाला एक, फार तर दोन बाळांना मिळून एक परिचारिका असावी. एसएनसीयूत तीन-चार बाळांमागे एक. प्रत्यक्षात रात्रीच्या पाळीला एकीच्या वाट्याला आठ-दहा बाळे येतात अशी रुग्णालये सरकारीही आहेत आणि खासगीही. इतक्या बाळांत कितीही हुशार परिचारिकेच्या हातून चूक होणारच, आणि दोष तिच्या माथी येणार. रात्री इमारतीत बाळाला नळी घालू शकणारा डॉक्टर हजर असतो की फोनवर असतो, हेही विचारावे. अनोळखी माणसाला विचारायचे अवघड वाटले तर तिथे काम सोडून गेलेल्या एखाद्या सिस्टरला विचारावे. धुळे-जळगावसारख्या शहरांत अशी ओळख निघतेच.

पगाराचे चित्र नोकरीच्या प्रकारावर अवलंबून आहे. राज्य सरकारच्या सेवेतल्या अधिपरिचारिकेचे मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होते, वर भत्ते. पुढे परिसेविका, अधिसेविका अशी बढती असते. पण नियमित पदांची भरती वर्षानुवर्षे रखडते आणि एका जागेमागे उमेदवारांची रांग लागते. एसएनसीयूतल्या बऱ्याच परिचारिका राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटावर असतात. गेल्या काही वर्षांतल्या जाहिरातींत त्यांचे मानधन साधारण २०,००० रुपये दिसते. दहा वर्षे सेवा झालेल्यांना नियमित सेवेत सामावून घेण्याचा शासन निर्णय मार्च २०२४मध्ये निघाला, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी २०२५मध्ये कर्मचाऱ्यांना राज्यभर आंदोलन करावे लागले. कंत्राटाकडे जाताना हे ध्यानात असावे. छोट्या खासगी रुग्णालयांत नवख्या परिचारिकेला याहूनही कमी मिळते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या आदेशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने पन्नासहून कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांतही दरमहा किमान २०,००० रुपयांची शिफारस केली होती. पगाराची बोलणी करताना तिचा उल्लेख करायला हरकत नाही. मूळ गुणपत्रिका आणि नोंदणी प्रमाणपत्र रुग्णालयाकडे ठेवून घेण्याची पद्धत सर्रास आहे. ती कागदपत्रे कधीही देऊ नयेत. दाखवून छायाप्रत द्यावी. नियुक्तिपत्र, भविष्यनिर्वाह निधी आणि रात्रपाळीनंतरची सुट्टी लेखी घ्यावी.

शिक्षणाचे रस्ते दोन. बारावीनंतर तीन वर्षांचा जीएनएम, ज्याला कला-वाणिज्य शाखेच्या मुलींनाही जाता येते; किंवा भौतिक-रसायन-जीवशास्त्र घेऊन बारावी झालेल्यांसाठी चार वर्षांची बीएस्सी नर्सिंग, जिची परीक्षा महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते आणि प्रवेश राज्याच्या सीईटीतून होतो. पुढे नोकरी, बढती आणि परदेश या तिन्हींसाठी बीएस्सीचा उपयोग अधिक. पण घरची परिस्थिती बेताची असेल तर जीएनएम करून, नोकरी करत, नंतर दोन वर्षांची पोस्ट बेसिक बीएस्सी करणे हा खान्देशात अनेकींनी यशस्वी केलेला मार्ग आहे. दोन वर्षांच्या एएनएमवर नवजात अतिदक्षतेत स्वतंत्र जबाबदारी मिळत नाही. सहा महिन्यांत किंवा वर्षात 'नर्स' बनवून देण्याच्या जाहिराती तालुक्याच्या गावांत भिंतींवर दिसतात. त्या प्रमाणपत्रावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी होत नाही आणि नोंदणीशिवाय परिचारिका म्हणून काम करणे बेकायदा आहे. प्रवेशाआधी कॉलेजचे नाव भारतीय आणि राज्य परिचर्या परिषदेच्या यादीत स्वतः पाहावे. नोंदणीनंतर वर्षभर अनुभव घेऊन नवजात परिचर्येची एक वर्षाची पदविका करता येते. सरकारी कक्षात लागलेल्यांना बाळाला पहिल्या मिनिटात श्वास देण्याचे प्रशिक्षण आणि त्यानंतर चार दिवसांचा वर्ग व चौदा दिवस मोठ्या केंद्रात प्रत्यक्ष पाहणी असे एसएनसीयूचे प्रशिक्षण मिळते. खासगीत ते बहुधा मिळत नाही, वरिष्ठ सिस्टर जे शिकवेल ते. म्हणून पहिली दोन वर्षे पगार थोडा कमी असला तरी जिथे शिकवतात तिथे काढणे फायद्याचे.

आपल्याला हे जमेल का, याची चाचणी शिकतानाच घेता येते. बालरोग विभागातल्या पोस्टिंगमध्ये विद्यार्थिनींना नवजात कक्षात दोन-चार दिवस दाराजवळ उभे करतात. त्यावर समाधान मानू नये. इंटर्नशिपमध्ये सलग दोन-तीन आठवडे आणि त्यात काही रात्री मागून घ्याव्यात. त्या दिवसांत स्वतःकडे नीट पाहावे. चौथ्या रात्री पहाटे चारच्या नोंदी खऱ्या घेतल्या की आधीच्या पाहून भरल्या? शीर सापडली नाही तेव्हा तिसऱ्यांदा टोचायच्या आधी दुसरीला बोलावले का? एखादी आई त्याच त्याच शंका विचारू लागली तेव्हा आवाज चढला का? यांतले एखादे उत्तर मनासारखे नसले तरी निराश व्हायचे कारण नाही, कारण यातले बरेचसे चांगल्या वरिष्ठांखाली शिकता येते. न पाहता भरलेल्या नोंदीचे मात्र समर्थन नाही. ज्या व्यक्तीला ते चालते असे वाटते तिने हा विभाग सोडून द्यावा. हाताला थरथर, न सुधारलेला दृष्टिदोष, वारंवार उद्भवणारा त्वचारोग किंवा ज्यांत झोपमोड चालत नाही असे फिट्ससारखे आजार असतील तर डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा.

दोन-तीन वर्षांनी हे काम नकोसे झाले तर वाटा बंद होत नाहीत. प्रसूतिकक्ष, बालरोग वॉर्ड, बालकांच्या तपासणीचे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक, नर्सिंग कॉलेजातले अध्यापन या ठिकाणी हा अनुभव जमेस धरला जातो. एम्सच्या भरती परीक्षा आणि ब्रिटन, आखात, जर्मनी इथल्या नोकऱ्यांसाठी तर अतिदक्षतेचा अनुभव फार उपयोगी पडतो. त्यासाठी नोकरी सोडताना मिळणाऱ्या अनुभवपत्रात नुसते 'स्टाफ नर्स' असे लिहून घेऊ नये. कक्षाचा प्रकार, खाटांची संख्या, व्हेंटिलेटर व सीपॅपवरच्या बाळांचे काम, आणि सुरुवात व शेवटची तारीख त्यात असावी. राज्य परिषदेच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते; मधल्या काळात लग्न होऊन नाव किंवा गाव बदलले असेल तर तो बदलही परिषदेकडे वेळेत नोंदवून घ्यावा.